विमानाचं बिल, विमानात न बसणाऱ्यांच्या नावावर

विमानांवर वाद सुरू झाला की पाचव्या मिनिटाला कोणीतरी अडीच टक्क्यांचा आकडा टाकतोच. माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्यात विमानांचा वाटा साधारण अडीच टक्के, बाकी सगळं कोळसा, गाड्या, सिमेंट, स्टील, मग विमानांच्याच मागे हात धुऊन का लागलात, असा एकूण सूर. आकडा बरोबर आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण ज्या कामाला तो वापरला जातो त्या कामाचा तो नाही, कारण त्यातून दोन गोष्टी गळतात. विमान कार्बन सोडण्याशिवाय वर आणखी काय काय करतं ही एक, आणि हे अडीच टक्के नेमके कोणाचे ही दुसरी. मला जास्त टोचते ती दुसरी, पण आधी पहिली सांगतो कारण ती फारशी कोणाला माहीत नसते.

दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, उणे चाळीसच्या खालच्या थंडीत, इंजिनातून वाफ आणि काजळी बाहेर पडते. काजळीच्या कणांवर बर्फ धरतो आणि विमानामागे ती पांढरी रेघ उमटते, लहानपणी आपण सगळ्यांनी मान वर करून बघितलेली. हवा कोरडी असली तर रेघ मिनिटाभरात विरते, विषय संपला. पण त्या थरात आधीच बर्फाला पोषक ओलावा ठासून भरलेला असला तर ती विरत नाही, पसरत जाते, आणि काही तासांत तिचा असा पातळ ढग होतो की नंतर वर बघणाऱ्याला हा विमानाने केलाय हे कळणारही नाही. दिवसा हा ढग थोडं ऊन परत पाठवतो, तेवढाच काय तो फायदा, पण जमिनीवरून वर निघालेली उष्णता तो चोवीस तास अडवतो, म्हणजे रात्री नुसतंच पांघरूण. हे धरून हिशोब केला की तापमानवाढीतला विमानांचा वाटा अडीचवरून साडेतीन ते चार टक्क्यांच्या घरात जातो, आणि विमानांमुळे होणाऱ्या एकूण तापमानवाढीत जवळजवळ दोन तृतीयांश भाग कार्बन डायऑक्साइडचा नसून या रेघांचा आणि इतर वायूंचा असतो.

आता यातली गंमत बघा. हे ओलसर थर आडवे शेकडो किलोमीटर पसरलेले असतात पण उभे अगदी पातळ, काही शे मीटरचे. म्हणजे विमानाने तेवढ्या पट्ट्यात थोडं वरून किंवा थोडं खालून जायचं, दोन हजार फुटांचा फरक, बास. जपानच्या हवाई हद्दीतल्या उड्डाणांचा अभ्यास २०२० साली आला त्यात असं दिसलं की २.२ टक्के उड्डाणं मिळून रेघांच्या उष्णतेचा ८० टक्के भाग तयार करत होती. सगळी विमानं नाहीत, शंभरातली दोन! २०२३ मध्ये गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्सने ७० टेस्ट फ्लाइट्स करून बघितल्या, पायलटला आधीच सांगायचं की अमुक थर टाळ, तर रेघा ५४ टक्क्यांनी कमी झाल्या. इंधन थोडं जास्त जळलं, पण ते टाळलेल्या उष्णतेच्या मानाने किरकोळ. नवं इंजिन नको, नवं इंधन नको, हवामानाचा नीट अंदाज आणि कंट्रोल टॉवरवाल्यांची थोडी डोकेदुखी एवढ्यात होणारं हे काम. तरी ते रोजच्या वेळापत्रकात आलेलं नाही, कारण रेघ उमटली म्हणून कोणाला एक पैसा भरावा लागत नाही. युरोपने २०२५ पासून आपल्या हद्दीतल्या उड्डाणांना याची निदान नोंद ठेवायला लावलं आहे, नोंद फक्त, पैसे नाहीत.

इथेच माझा सगळा मुद्दा आहे. विमान उडवणारा आणि विमानात बसणारा यांना जो खर्च दिसतो तो खऱ्या खर्चाचा एक तुकडा आहे, उरलेला जो खर्च आहे तो विमानात न बसणाऱ्यांच्या नावावर फाडला जातो. आणि ते कोण तर जगातले बहुतेक सगळे.

२०१८ मध्ये विमान कंपन्यांनी चार अब्जांहून जास्त प्रवासी नेले असं आपण वाचतो आणि वाटतं अर्धं जग उडतंय. तसं नाही, तीच माणसं पुन्हा पुन्हा मोजलेली असतात. त्या वर्षाबद्दलचा एक अभ्यास आहे, त्यात जगातल्या साधारण ११ टक्के लोकांनीच विमानात पाय ठेवला होता, परदेशी गेलेले तर जेमतेम ४ टक्के. आणि प्रवासी विमानांच्या कार्बनपैकी निम्मा कार्बन जगातल्या १ टक्का लोकांच्या खात्यावर होता. एक टक्का! म्हणून मला ती विमानात बसल्याची लाज वाटायला हवी वगैरे मोहीम कधीच पटली नाही. दोन वर्षांनी एकदा पोरांचं तोंड बघायला घरी जाणारा कामगार, आयुष्यात एकदा यात्रेला निघालेले आजी-आजोबा, शिकायला चाललेली पहिल्या पिढीतली मुलगी, यांना बोर्डिंग पासवर ओशाळं करायचं आणि दर आठवड्याला मीटिंगसाठी समुद्र ओलांडणाऱ्याला लाउंजमध्ये खुर्ची द्यायची, म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

बरं, हा एक टक्का ओळखायचा कसा, प्रत्येकाच्या प्रवासाची नोंद ठेवणं शक्य आहे का, असं विचारतात. अहो, ठेवली जातेच की! कोण किती उडतो, कुठल्या क्लासमधून, किती मैल, याची इतकी चोख नोंद दुसऱ्या कुठल्याच धंद्यात नसेल, फक्त ती बक्षीस द्यायला वापरतात. जितकं जास्त उडाल तितकं पुढचं स्वस्त.

आता जमिनीवर येऊ, कारण हवामानाचं बिल जगभर वाटलं जातं पण आवाजाचं बिल ठरावीक घरांच्याच दारात येऊन पडतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये मर्यादा सांगितल्या, विमानाचा आवाज दिवसरात्रीच्या सरासरीने ४५ डेसिबलच्या आणि रात्री ४० च्या खाली असावा. मोठ्या एअरपोर्टच्या रनवेच्या टोकाला राहणाऱ्यांना हे आकडे वाचून हसू येईल. लंडनच्या हीथ्रोला पश्चिमेकडे तोंड करून विमानं उतरतात तेव्हा दुपारी तीन वाजता उतरण्याचा रनवे बदलतात, म्हणजे एका पट्ट्यातल्या लोकांना सकाळी शांतता आणि दुसऱ्यातल्यांना संध्याकाळी, आणि याचं वेळापत्रक आगाऊ छापून मिळतं. विचार करा, बागेत चहा प्यायचा का आत बसायचं हे ठरवायला माणसं रनवेचं टाइमटेबल बघतात. आणि ही तर चांगली वागणूक म्हणायची, बऱ्याच ठिकाणी तेही नाही.

आवाजाची सवय होते असं म्हणणाऱ्यांना मी म्युनिकची गोष्ट सांगतो. मे १९९२ मध्ये म्युनिकचं जुनं एअरपोर्ट एका रात्रीत बंद झालं आणि शहरापासून लांब नवं सुरू झालं. संशोधकांना असा योग पुन्हा मिळायचा नाही, एका ठिकाणचा आवाज अचानक गेला आणि दुसऱ्या ठिकाणी अचानक आला. दोन्हीकडच्या शाळकरी मुलांची, वय सरासरी दहाच्या आसपास, बदलाच्या आधी आणि नंतर दोन वर्षं परीक्षा घेतली गेली. आधी जुन्या एअरपोर्टजवळची मुलं वाचनात आणि लक्षात ठेवण्यात मागे होती, आवाज गेल्यावर ती सुधारली. आणि नव्या एअरपोर्टजवळची, जी आतापर्यंत ठीक होती, तीच या दोन्हीत मागे पडली. यातल्या एकाही मुलाने कुठलं तिकीट काढलं नव्हतं. हे मला कुठल्याही डेसिबलच्या तक्त्यापेक्षा जास्त लागतं, कारण इथे कोणी गरीब वस्ती, वाईट शाळा, आईबाप असे, वगैरे फाटे फोडू शकत नाही, मुलं तीच, शाळा त्याच, फक्त आकाश बदललं.

जमीन गेली त्यांचं तर वेगळंच. टोकियोजवळच्या नारिता एअरपोर्टची जागा जपान सरकारने १९६६ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांना न विचारता ठरवली. त्यातले कितीतरी जण महायुद्धानंतर रान तोडून, माळ फोडून तिथे शेती उभी केलेले. पुढची बारा वर्षं जे झालं ते जवळजवळ युद्धच होतं, १९७१ मध्ये तीन पोलीस मेले, मार्च १९७८ मध्ये उद्घाटन चार दिवसांवर असताना आंदोलक कंट्रोल टॉवरमध्ये घुसले आणि यंत्रं फोडली, शेवटी मे महिन्यात एअरपोर्ट सुरू झालं. दुसरा रनवे २००२ मध्ये आला तो ठरवल्यापेक्षा आखूड, कारण मधल्या जमिनी मिळाल्या नाहीत. विमानाला रनवेपर्यंत नेणारा रस्ता, म्हणजे टॅक्सीवे, शेताला वळसा घालून गेला. हिंसेचं समर्थन मला करायचं नाही, आंदोलकांनी स्वतःची बाजू त्यात घालवलीच. पण १९९५ मध्ये पंतप्रधानांनी माफी मागितली ती एक साधी गोष्ट उशिरा कळल्यामुळे, की लोकांना आधी विचारलं असतं तर बहुधा बरंच स्वस्तात पडलं असतं.

आणि विचारलं, कोर्टात सिद्धही केलं, तरी काय होतं ते ॲम्स्टरडॅमचं स्किपोल एअरपोर्ट बघा. डच सरकारनेच ठरवलं की आवाजापायी वर्षाची उड्डाणं पाच लाखांवरून ४ लाख ४० हजारांवर आणायची. विमान कंपन्या कोर्टात गेल्या, अमेरिकेने डोळे वटारले, युरोपियन कमिशनने नियमावर बोट ठेवलं, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने तो बेत गुंडाळून ठेवला. चारच महिन्यांनी हेगच्या डच कोर्टाने निकाल दिला की सरकारने वर्षानुवर्षं विमान वाहतुकीचं हित वर ठेवून रहिवाशांना वाऱ्यावर सोडलं. म्हणजे कमी केलं तर परदेशातून दट्ट्या आणि नाही केलं तर घरच्या कोर्टाचा.

दुसरी बाजू नाही असं नाही, आहे आणि वजनदार आहे. जागतिक व्यापारात वजनाने बघितलं तर विमानाने जाणारा माल एक टक्कासुद्धा नाही, पण किमतीने बघितलं तर साधारण एक तृतीयांश, औषधं, चिप्स, मशीनचे पार्ट. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडचा एक ज्वालामुखी उसळला आणि राखेमुळे युरोपचं आकाश जवळपास आठवडाभर बंद राहिलं. युरोपात अडकलेल्या टुरिस्टांच्या बातम्या सगळ्यांनी बघितल्या, पण खरा फटका हजारो किलोमीटर लांब केनियात बसला, तिथल्या नैवाशा तलावाकाठी युरोपसाठी गुलाब पिकतात, ते कापलेले गुलाब ढिगांनी फेकून द्यावे लागले आणि शेडमधल्या मजुरांना, ज्यात बाया जास्त, घरी बसवलं गेलं. ज्या बाईचं पोट त्या विमानाच्या पोटात जाणाऱ्या खोक्यावर आहे तिला उड्डाणं बंद करा म्हणून सांगायला मी जाणार नाही. अलास्कातल्या बहुतेक गावांना रस्ताच नाही, तिथे डॉक्टर, टपाल, दूध सगळं विमानाने. ऑस्ट्रेलियात १९२८ पासून डॉक्टर विमानाने रुग्णापर्यंत जातायत. ही विमानं चैनीची नाहीत आणि कुठल्याही शहाण्या टॅक्सने त्यांना हात लावू नये.

पण याच उदाहरणांच्या आडून जे विकलं जातं ना, ते बघून डोकं फिरतं. नवा रनवे हवा असला की प्रेझेंटेशनमध्ये औषधं आणि रोजगार, आणि प्रत्यक्षात त्यावर जास्तीची उड्डाणं बरीचशी वीकएंड ट्रिपची. नोकऱ्या येतात हे खरं, एअरपोर्टच्या आसपास गोदामं, हॉटेलं, टॅक्स्या सगळं उभं राहतं, पण आवाज खाणारं गाव आणि पगार घेणारं गाव एकच असतं असं कोणी सांगितलं? धंदाही काही फार भक्कम नाही, कंपन्यांचा निव्वळ नफा चांगल्या वर्षात प्रवाशामागे सहा-सात डॉलर. २०२० मध्ये प्रवासी साडेचार अब्जांवरून १.८ अब्जांवर घसरले तेव्हा एकट्या लुफ्तान्सा या जर्मन कंपनीला वाचवायला ९ अब्ज युरोंचं सरकारी पॅकेज लागलं, एअर फ्रान्सला फ्रेंच सरकारने ७ अब्जांचा आधार दिला. ते पैसे भरणाऱ्यांत कधीच न उडणारेही होते, त्यांना विचारलं नव्हतं कोणी.

तिकीट इतकं स्वस्त कसं, याचं मूळ शोधायला डिसेंबर १९४४ पर्यंत मागे जावं लागतं. महायुद्ध संपलेलं नव्हतं आणि शिकागोत ५२ देशांनी विमान वाहतुकीचा करार केला. त्यातलं कलम २४ असं की दुसऱ्या देशातून आलेल्या विमानाच्या टाकीतल्या इंधनावर जकात घ्यायची नाही. त्या वेळी ते शहाणपणाचंच होतं, धंदा तान्हा होता. पण पुढे देशादेशांमधल्या करारांनी ही सूट तिथेच भरलेल्या इंधनालाही दिली, आणि आज आंतरराष्ट्रीय विमान जे केरोसीन जाळतं त्यावर बहुतेक ठिकाणी शून्य टॅक्स. स्कूटरच्या पेट्रोलवर टॅक्स आहे, समुद्र ओलांडणाऱ्या जेटच्या इंधनावर नाही! देशातल्या देशात उडणाऱ्यांवर जपान, अमेरिका, भारत यांच्यासारखे देश इंधनावर टॅक्स घेतात, तिथे विमानं उडायची थांबली असं काही दिसलं नाही.

हे कोणी सुधारलं का नाही? १९९७ च्या हवामानाच्या क्योटो करारात आंतरराष्ट्रीय विमानांचा प्रश्न देशांच्या हिशोबातून काढून आयकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संस्थेकडे सोपवला. तिने योजना आणली ती २०१६ मध्ये, एकोणीस वर्षांनी, आणि तीही काय, तर २०१९-२० च्या सरासरी पातळीच्या वर जेवढं जाईल तेवढ्यापुरते कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे कोणीतरी केलेल्या कार्बन-कपातीची प्रमाणपत्रं, विकत घ्या, पुढे ती पातळी २०१९ च्या ८५ टक्क्यांवर आणली इतकंच. युरोपने २०१२ मध्ये हिंमत करून बाहेरून येणाऱ्या फ्लाइट्सनाही आपल्या कार्बन बाजारात, म्हणजे धूर सोडायचा तर परवाना विकत घ्या या पद्धतीत, घ्यायचं ठरवलं तर चीनने आपल्या कंपन्यांना भाग घ्यायची बंदी केली, अमेरिकेने तर त्याविरुद्ध कायदाच केला, आणि युरोपने माघार घेतली.

टेक्नॉलॉजी येतेय, थांबा, असं सांगणाऱ्यांसाठी थोडक्यात. हिरवं इंधन, सध्या बरंचसं वापरलेल्या खाद्यतेलापासून बनणारं, २०२४ मध्ये जगाच्या विमान इंधनाच्या ०.३ टक्के होतं आणि साध्या केरोसीनच्या दोन ते पाच पट महाग. युरोपने २०२५ ला २ टक्के, २०३० ला ६ टक्के, २०५० ला ७० टक्के अशी सक्ती केलीय, चांगलं आहे, पण वापरलेलं खाद्यतेल जगात आहे तेवढंच आहे. बॅटरी एका किलोत जेट इंधनाच्या चाळिसाव्या भागाइतकीच ऊर्जा धरते, आणि इंधन जळत जाऊन विमान हलकं होतं तशी ती हलकीही होत नाही. एअरबसचं हायड्रोजनचं विमान २०३५ ला येणार होतं, ते पुढे ढकललंय. इंजिनं सुधारली हे मान्य, प्रवाशामागचं इंधन १९९० पासून निम्म्यावर आलं, पण उड्डाणंच इतकी वाढली की एकूण धूर वाढतच गेला. आणि फ्रान्सने मोठा गाजावाजा करून अडीच तासांत ट्रेन पोचते तिथली विमानं बंद केली, २०२३ मध्ये, तर प्रत्यक्षात मार्ग सापडले तीन. युरोपातून निघणाऱ्या उड्डाणांपैकी चार हजार किलोमीटरच्या वरची साधारण ६ टक्के आहेत आणि निम्मा कार्बन त्यांचा आहे, समुद्रावर ट्रेन कुठून आणणार.

म्हणून घ्यायचं तर जास्त उडणाऱ्याकडून आणि जास्त जागा अडवणाऱ्याकडून घ्यावं. वर्षातलं पहिलं जाणं-येणं माफ, मग दर वेळी टॅक्स चढत जाणारा, आणि बिझनेस क्लासला वेगळा भरभक्कम दर कारण एका पसरट सीटच्या जागेत तीन माणसं मावली असती. यातलं क्लासनिहाय टॅक्सचं प्रकरण काही आकाशकुसुम नाही. फ्रान्सने २००६ पासून तिकिटावर असा टॅक्स लावला, युरोपातल्या साध्या सीटला १ युरो आणि लांबच्या बिझनेस क्लासला ४०, आणि तो पैसा गरीब देशांतल्या एड्स, टीबी, मलेरियाच्या औषधांना गेला. २०२५ च्या उन्हाळ्यात प्रीमियम प्रवाशांवर टॅक्स लावू म्हणून काही देशांनी गट केला त्यात फ्रान्स, स्पेन यांच्याबरोबर बार्बाडोस आहे आणि केनियाही आहे. टूरिझमवर जगणारं बेट आणि गुलाब विमानाने पाठवणारा देश. तेव्हा विकसनशील देशांच्या पोटावर पाय येईल ही ओरड निदान त्यांच्या नावाने तरी कोणी करू नये.

पण हे सगळं होईपर्यंत वर्षं जातील, आयकाओचा वेग आपण बघितलाच. एक गोष्ट मात्र कुठल्याही जागतिक कराराशिवाय सुरू करता येते, ती म्हणजे रात्र. जर्मनीत फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ ठरलेली उड्डाणं बंद आहेत आणि ते आजही जगातल्या मोठ्या एअरपोर्टांत मोडतं. उलट त्याच देशातल्या लाइपझिगला कुरियरची विमानं रात्रभर उतरतात, त्यातल्या किती खोक्यांना खरंच सकाळी नऊच्या आत पोचायचं असतं ते पाठवणाऱ्यांनाच विचारा. रात्रीचं विमान खाली लोकांची झोप मोडतं आणि वर त्याचीच रेघ सगळ्यात जास्त तापवते, तेव्हा रात्रीच्या स्लॉटची, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या ठरवून दिलेल्या वेळेची, फी दिवसाच्या कित्येक पट करा, अवयव, औषधं, रुग्ण नेणारी विमानं त्यातून वगळा, आणि जमा झालेला पैसा रनवेच्या टोकाच्या शाळांना दुहेरी काचांच्या खिडक्या बसवायला द्या. कंपन्या परवडत नाही म्हणतील. मग सकाळी उडा.